माळ्यावर परावर्तक फॉइल नेमकं कुठे लावायचं?

उन्हाळ्यातल्या भर दुपारी माळ्यावर चढा आणि तोंड वर करून दोन मिनिटं उभे राहा. कपाळावर, गालांवर शेक बसेल, शेकोटीपुढे बसल्यावर बसतो तसा. आता एक पुठ्ठा घेऊन तोंडाच्या वर हातभर अंतरावर आडवा धरा. शेक त्या क्षणी थांबतो. माळ्यावरची हवा तितकीच तापलेली असते, घामाच्या धारा चालूच असतात, पण गालावरचा चटका गेलेला असतो. पुठ्ठा बाजूला केला की परत येतो.

पुठ्ठ्याने जे अडवलं ते प्रारण. उष्णता वहनाने, अभिसरणाने आणि प्रारणाने अशा तीन वाटांनी येते, हे शाळेत शिकलेलं असतं. परावर्तक फॉइल, म्हणजे रोलमध्ये मिळणारं चकचकीत ॲल्युमिनियमचं पातळ आवरण, यांतली फक्त तिसरी वाट अडवतं. म्हणूनच ते किती महाग घेतलं यापेक्षा कुठे लावलं हे महत्त्वाचं. मी पहिल्या वेळी ते माळ्याच्या जमिनीवर, ग्लासवूलवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या काचतंतूंच्या गादीवर अंथरलं होतं. दोन वर्षांनी सगळं गुंडाळून काढलं आणि वाशांना लावलं. तुमची ही दुहेरी मेहनत वाचावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हे उतरत्या छपराच्या, खाली माळा असलेल्या घरांसाठी आहे.

१. खरेदीच्या आधी मोजमाप करा

एक इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा, उसना मिळाला तरी चालेल. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान चार जागी तापमान घेऊन वहीत लिहा: छपराची खालची बाजू, माळ्याची जमीन, खालच्या खोलीचं सिलिंग आणि त्याच खोलीची एक आतली भिंत. आमच्याकडे छपराची खालची बाजू ६८ अंश होती, खोलीचं सिलिंग ३७ आणि भिंत ३३. सिलिंग भिंतीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असेल तर उष्णता वरून येते आहे, आणि फॉइलचा उपयोग होईल. पण पश्चिमेची भिंत आणि खिडकीच जास्त तापत असेल, तर माळ्यावर कितीही काम केलंत तरी खोली तापणारच. अशा वेळी खिडकीला बाहेरून सावली करा. काम सोपं आहे आणि लगेच फरक पडतो.

फॉइल काय करतं याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देते. ७० अंशांचं छप्पर आणि ४० अंशांची जमीन समोरासमोर आहेत असं धरा. साध्या लाकडासारखे पृष्ठभाग असतील तर प्रारणाने दर चौरस मीटरला साधारण २०० वॉट उष्णता खाली येते. दोहोंपैकी एका पृष्ठभागावर चांगलं ॲल्युमिनियम फॉइल असेल तर तीच १२ वॉटच्या आसपास उतरते. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात फॉइलही तापतं, गरम हवा उरते, फटी राहतात, त्यामुळे घरात जाणवणारा फरक बराच कमी असतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज असा की उष्ण आणि भरपूर उन्हाच्या हवामानात यामुळे घर थंड ठेवण्याचा खर्च ५ ते १० टक्के कमी होऊ शकतो. कुणी ‘बिल अर्ध्यावर येईल’ असं सांगत असेल तर तिथून उठा.

दोन बाबतींत तर मी फॉइल घेऊच नका म्हणेन. वर्षाचा बराच काळ थंडीचा असेल, तर तोच पैसा सिलिंगवरच्या जाड इन्सुलेशनला घाला. सिलिंगवर आधीच भरपूर जाड थर असेल, तर फॉइलने पडणारा फरक थोडाच राहतो.

२. माळ्याचा नकाशा काढा

एका कागदावर माळ्याचा साधा आराखडा काढा आणि या गोष्टी कुठे आहेत ते दाखवा: विजेच्या तारा आणि जोडपेट्या, एसीचे डक्ट, पाण्याची टाकी, धुराडं, खालून वर आलेले डाउनलाइट, आढ्याजवळची आणि वळचणीची हवेची भोकं, बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याची नळी. प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. फॉइल लागल्यावर मागचं काही दिसत नाही आणि पुढे कधी गळती किंवा बिघाड झाला की हेच फोटो कामाला येतात.

छप्पर कुठे गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. फॉइलमागे पाणी महिनोन् महिने झिरपत राहतं आणि लाकूड कुजेपर्यंत कळत नाही. बाथरूमची वाफ माळ्यात सोडली असेल तर ती नळीही आधी छपराबाहेर काढून घ्या.

३. जागा निवडा

एक नियम डोक्यात पक्का ठेवा. फॉइलच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी पोकळी हवीच, निदान २ सेंटीमीटर. थर्मास आठवा. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये दुहेरी भिंतींचं भांडं बनवलं, त्यातही मुलामा दिलेल्या काचा एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये पोकळी असते. फॉइल दोन्ही बाजूंनी कशालातरी चिकटलं की ते निव्वळ धातूचा पत्रा उरतं, आणि ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं. दोनपैकी एक बाजू उघडी असली तरी काम होतं. दोन्ही उघड्या असतील तर उत्तम.

*वाशांच्या खालच्या कडेला.* राहत्या घरासाठी माझं पहिलं मत याच जागेला. वाशांच्या खालून फॉइल ताणलं की छप्पर आणि फॉइल यांच्यामध्ये वाशाच्या उंचीइतकी पोकळी आपोआप मिळते, आणि खाली तर सगळा माळाच मोकळा असतो. शेक वरच अडल्यामुळे माळ्यावरची हवाही कमी तापते. तुमचे एसीचे डक्ट किंवा पाण्याची टाकी माळ्यावर असेल तर याच जागेने त्यांना आराम मिळतो. जमिनीवरच्या फॉइलने ते होत नाही, कारण डक्ट त्याच्या वर, तापल्या हवेतच राहतात. एकच अडचण, फॉइल जास्त लागतं. छपराचा उतार ३० अंशांचा असेल तर जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा १५ टक्के जास्त, ४५ अंशांचा असेल तर तब्बल ४१ टक्के जास्त. मागवताना हे धरा, नाहीतर शेवटच्या उताराला कमी पडतं.

*दोन वाशांच्या मध्ये.* वाशांच्या खालून पुढे फळ्या किंवा बोर्ड मारायचे असतील तर फॉइल वाशांच्या बगलांना ठोका, छपरापासून दोन-तीन बोटं खाली. यात मेहनत आणि तुकडे दोन्ही जास्त. इथे लोक हमखास चुकतात ते पुढच्या टप्प्यावर: फॉइलखाली ग्लासवूल दाबून भरतात आणि वर पोकळी आहे की नाही ते पाहत नाहीत. दोन्हीकडून टेकलं की फॉइल संपलं.

*छपराच्या फळ्यांनाच.* नवं घर बांधत असाल किंवा छप्पर उतरवून पुन्हा घालत असाल तरच. फॉइल चिकटवलेले बोर्ड मिळतात, ते फॉइलची बाजू खाली करून बसवायचे. सुतार सवयीने चकचकीत बाजू वर ठेवतात, म्हणून पहिला बोर्ड बसताना स्वतः हजर राहा. दुसरी पद्धत म्हणजे फळ्या ठोकण्याआधी वाशांवरून फॉइल सोडणं. तिथे ते ताणू नका. दोन वाशांमध्ये दोन-तीन बोटं झोळ सोडा, त्या झोळातच हवा राहते. पत्र्याच्या छपराला तर झोळ हवाच, नाहीतर पत्रा थेट फॉइलला चिकटून तापवतो.

*माळ्याच्या जमिनीवर.* हे सगळ्यात सोपं वाटतं आणि म्हणूनच बहुतेक जण इथून सुरुवात करतात. रोल सोडायचा, कापायचा, झालं. पहिल्या उन्हाळ्यात मला फरक जाणवलाही. दुसऱ्या उन्हाळ्यात जाणवेना. वर जाऊन टॉर्च आडवी धरली तर फॉइल राखाडी दिसत होतं. बोट फिरवलं तिथे लख्ख रेघ उमटली, आणि बोटाला मऊ धुळीचा थर लागला. धुळीला चमक नसते. ती साध्या लाकडासारखीच उष्णता शोषते आणि सोडते, म्हणजे धूळ बसलेलं फॉइल हळूहळू साध्या कागदाच्या लायकीचं होत जातं. पुसत राहणं कुणाला जमत नाही, आणि पुसताना ते फाटतं.

जमिनीवरचा दुसरा त्रास थंडीतला. खोलीतली दमट हवा सिलिंगच्या फटींतून वर येते, थंडगार फॉइलच्या पोटाला लागते आणि तिथे पाणी धरतं. मी ग्लासवूलची एक गादी उचलली तेव्हा वरचा भाग ओला लागला. नाइलाजाने जमिनीवरच अंथरायचं असेल, म्हणजे वर उभं राहायलाही जागा नसेल, तर बारीक छिद्रांचं फॉइल घ्या, त्यातून वाफ निघून जाते. सामान ठेवायच्या माळ्यावर तर ही जागा बादच, कारण खोकी ठेवली की पोकळी संपते. तारांचा धोका आहे तो वेगळाच, त्याचं पुढे लिहिलं आहे.

*बुटक्या आणि त्रिकोणी भिंती.* छपराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर दुपारचं ऊन पडत असेल तर त्यांनाही आतून फॉइल लावा, पण हवेची जाळी झाकू नका. माळ्यात खोली काढलेली असेल तर तिच्या बुटक्या भिंतींची माळ्याकडची बाजू विसरू नका. तशीच माळ्याच्या झाकणाची वरची बाजूही. ते झाकण म्हणजे नुसती प्लायवूडची फळी असते आणि खाली उभं राहिलं की डोक्याला झळ लागते. उरलेला तुकडा तिथेच वापरा.

४. चकचकीत बाजू खाली

एकाच बाजूला चमक असलेलं फॉइल छपराखाली लावत असाल तर चकचकीत बाजू खाली, माळ्याकडे. पुष्कळांना हे उलटं वाटतं. ऊन वरून येतं, मग आरसा वर नको का? फॉइलचे दोन गुण आहेत. ते समोरून आलेली उष्णता परत फेकतं, आणि स्वतः तापलं तरी समोर फारच कमी उष्णता सोडतं. दोन्ही गुण सारखेच उपयोगाचे. चमक खाली ठेवली की दुसरा गुण कामाला येतो, आणि खालच्या बाजूवर धूळ बसत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो.

५. हवेला वाट ठेवा

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वळचणीची हवा आढ्याला जातेच, आणि तिला जाऊ द्यायचं असतं. फॉइल आणि छपरामधली हवा तापून वर चढते, आढ्यातून बाहेर पडते आणि खालून नवी येते. म्हणून फॉइल खाली वळचणीपाशी चार बोटं आधी सुरू करा आणि वर आढ्याच्या अलीकडे सुमारे १५ सेंटीमीटर थांबवा. दिसायला अर्धवट वाटतं, पण तसंच सोडा. हौसेने आढ्यापर्यंत बंद केलं की वाफ आत कोंडते. माळ्याला हवेची भोकंच नसतील तर आधी ती करून घ्या.

६. वीज: इथे घाई नको

हा भाग दोनदा वाचा. ॲल्युमिनियममधून वीज वाहते. स्टेपलची धातूची पिन तारेत घुसली तर अख्ख्या माळ्यावरचं फॉइल एका क्षणात जिवंत होतं, आणि तुम्ही त्यावर गुडघे टेकून बसलेले असता.

ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये घरांना इन्सुलेशन बसवण्याची सरकारी योजना घाईघाईने राबवली गेली. तिच्यात चार तरुण कामगार दगावले. तिघे विजेच्या धक्क्याने, आणि त्यांतले दोघे फॉइल लावत होते. चौथ्याचा जीव छपराखालच्या उष्णतेने घेतला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या योजनेतून फॉइल थांबवण्यात आलं आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाने हे सगळं तपासलं. ही घरं साधीच होती, तुमच्या-माझ्यासारखी.

म्हणून:

- काम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून माळ्यावरच्या सगळ्या तारा तपासून घ्या. जुनी, तडकलेली वायर बदला, उघड्या जोडांना पेटी बसवा.
- मेन स्विच बंद करा. नुसतं माळ्यावरच्या दिव्याचं बटण बंद करून भागत नाही. टेस्टरने खात्री करा, आणि कुणी चुकून चालू करू नये म्हणून स्विचपाशी चिठ्ठी लावा.
- छपरावर सोलर पॅनल असतील तर लक्षात ठेवा, मेन बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या तारा जिवंत असतात. त्या माळ्यातून जात असतील तर हे काम स्वतः करू नका.
- जमिनीवर ग्लासवूलखाली तार कुठे आहे ते दिसत नाही. तिथे पिन ठोकायचीच नाही.
- धुराडं आणि तापणारे दिवे यांना फॉइल टेकू देऊ नका. अंतर त्या वस्तूच्या माहितीपत्रकात असतं, तेवढं सोडा.
- माळ्यावरचं काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत खाली उतरा. एकट्याने चढू नका.

७. काय काय लागेल

फॉइल घेताना तांत्रिक माहितीपत्रक मागा आणि त्यात उत्सर्जकता, म्हणजे तापल्यावर पृष्ठभाग किती उष्णता प्रारणाने सोडतो ते, पाहा. हा आकडा जितका लहान तितकं चांगलं. चांगल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तो ०.०३ ते ०.०५ असतो, ०.१ च्या वर असेल तर घेऊ नका. ‘परावर्तक रंग’ म्हणून माळ्यात आतून मारायचे लेप विकले जातात, त्यांचा आकडा बहुधा ०.२५ च्या आसपास असतो. फॉइलची बरोबरी त्यांना जमत नाही. बुडबुड्यांच्या फॉइललाही भुलू नका. ते बुडबुडे स्वतः उष्णता किरकोळच अडवतात, आणि पाकिटावरचा मोठा आकडा समोरची हवेची पोकळी धरून लिहिलेला असतो. मी जाळीचं अस्तर असलेलं साधं फॉइल घेतलं. ते हाताने ओढून फाटत नाही, हीच माझी परीक्षा होती.

कागदपत्रं: फॉइलचं माहितीपत्रक, त्यात आगीसंबंधीचा दर्जा लिहिलेला असावा, छपराच्या वॉटरप्रूफिंगची किंवा सोलरची हमी असेल तर तिच्या अटी, छप्पर सामाईक असेल तर बाकीच्यांची लेखी संमती, आणि तुम्ही काढलेला नकाशा.

अवजारं: मोजपट्टी, कटर, स्टेपल गन, डोक्याला बांधायची टॉर्च, तुळयांवर आडव्या टाकायला दोन भक्कम फळ्या, धुळीचा मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गॉगल. टॉर्चचा उजेड फॉइलवरून थेट डोळ्यांत येतो, तासाभरात डोळे दुखतात.

८. लावताना

तुकडे खाली, मोकळ्या जागेत कापा. वर रोल उलगडत बसू नका. पाय नेहमी तुळईवर किंवा फळीवर, मधल्या सिलिंगवर पडला तर तो खालच्या खोलीत निघतो. पट्टा वळचणीकडून सुरू करून वर न्या, एकाने धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. दर वाशाला वीतभर अंतराने पिन पुरते, तीही वाशाच्या लाकडात आणि तारेपासून लांब. दोन पट्टे चार-पाच सेंटीमीटर एकावर एक येऊ द्या. सांधे हवाबंद करायची गरज नाही. फॉइल थोडं सैल राहिलं, सुरकुतलं, तरी काम तेवढंच करतं. माझा पहिला दिवस सुरकुत्या काढण्यात गेला, तो तुम्ही घालवू नका. जिथे आडवे टेके मध्ये येतात तिथे चीर देऊन फॉइल टेक्याभोवती वळवा. अर्धं छप्पर झाकलं तर फायदाही अर्धाच, म्हणून आधी पश्चिमेचा आणि दक्षिणेचा उतार पूर्ण करा.

९. पुन्हा मोजा

तशाच उन्हाच्या दुपारी, त्याच वेळी, त्याच चार जागी पुन्हा तापमान घ्या. इथे थर्मामीटर फसवतं. चकचकीत फॉइलवर रोखलं तर ते समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच मोजतं आणि भलताच आकडा दाखवतं. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तळहाताएवढा चौकोन चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि त्या टेपवर मोजा. घरासाठी खरा आकडा मात्र सिलिंगचाच. आमचं ३७ वरून ३४ वर आलं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा वर जा आणि वळचणीपाशी फॉइलमागे हात घालून लाकूड कोरडं आहे ना ते पाहा. थंडीच्या पहिल्या कडक सकाळी पुन्हा टॉर्च घेऊन बघा. फॉइलवर थेंब दिसले तर आढ्याजवळची फट आणखी चार बोटं मोकळी करा आणि आठ दिवसांनी परत तपासा.